मेणातला खड्डा

ऑक्टोबरातल्या एका मंगळवारी सकाळी, दहाचा चहा यायच्या आधी, बुद्धभूषणच्या अंगठ्याला तो खड्डा लागला. डोळ्यांना तो अजून दिसलाही नव्हता. चाकणच्या कंपनीकडून परत आलेली व्हॉल्व्हची बॉडी प्लॅस्टिकच्या पिशवीत त्याच्या टेबलावर पडली होती, पिशवीला लाल चिठ्ठी बांधलेली होती, आणि त्यानं सवयीनं आत हात घालून ती मुठीत धरली होती. स्टेनलेस स्टीलचा मुठीत मावेल न मावेल असा तुकडा. गोल पोट, दोन बाजूंना दोन तोंडं आणि एका अंगाला जाड खांदा. पोट आणि खांदा जिथं मिळतात तिथं अंगठा किंचित खाली गेला. केसभरच. जिना संपला समजून पाय टाकावा आणि खाली अजून एक पायरी निघावी, तसा. त्यानं हात बाहेर काढला, अंगठा पँटला पुसला आणि उगाचच खिडकीतून खाली पाहिलं. समोरच्या वर्कशॉपच्या दारात दोन माणसं टेम्पोत पत्रे चढवत होती. एक जण दुसऱ्याला म्हणत होता, भावा, आधी तुझी बाजू उचल. बुद्धभूषण ते पत्रे चढून होईपर्यंत बघत राहिला. मग त्यानं केबिनचं दार लोटलं, भिंग काढलं आणि बॉडी दिव्याखाली धरली. खड्डा गुळगुळीत निघावा असं त्याला मनापासून वाटत होतं.

कारण खड्डे दोन जातींचे असतात. त्यांच्या कारखान्यात आधी मेणाचा पॅटर्न बनतो, त्याच्यावर मातीचं कवच चढवतात, मेण वितळवून काढून टाकतात आणि मागं उरलेल्या पोकळीत पोलाद ओततात. मेणाच्या पॅटर्नवरच खोलगट जागा राहिलेली असेल तर पोलाद तिची हुबेहूब नक्कल करतं, आणि असा खड्डा गुळगुळीत असतो, लहान मुलाच्या गालावरच्या खळीसारखा. दुसरा खड्डा पोलादाचा स्वतःचा. पोलाद बाहेरून आत गोठत जातं, सगळ्यात जाड जागा सगळ्यात शेवटी. गोठताना ती आकसते, आणि आकसताना तिला आणखी पोलाद हवं असतं. ते ज्या मानेतून तिच्यापर्यंत यायचं, तिला गेट म्हणतात. गेट बारीक असलं की ते आधी गोठतं, वाट बंद होते, आणि त्या जाड जागेला काहीच मिळत नाही. मग ती आपलीच कातडी आत ओढून घेते. हा खड्डा खडबडीत असतो. भिंगाखाली त्यात पोलादाचे बारीक काटे दिसतात, नेच्याच्या पानातल्या पात्यांसारखे, एकाला एक लागून. बुद्धभूषणनं भिंग डोळ्याशी नेलं. काटे होते. त्यानं भिंग खाली ठेवलं, डोळे चोळले, परत पाहिलं. काटे होतेच. त्याला त्या क्षणी आणखी एक गोष्ट कळली, की आपल्याला हे आधीपासून माहीत होतं, मार्चपासून.

मार्चमध्ये मालकांचा मुलगा रविराज एक दिवस त्याच्या टेबलाच्या कोपऱ्यावर येऊन बसला होता. एका झाडावर आपण आठच बॉड्या का लावतो, बारा लावल्या तर, असं त्यानं विचारलं होतं. झाड म्हणजे मेणाचा मधला दांडा, त्याला चहूबाजूंनी पॅटर्न चिकटवतात आणि सगळं एकदम ओततात. बारा लावायच्या तर त्या दाटीवाटीनं लागणार, एकमेकींच्या उष्णतेनं उशिरा गोठणार, आणि जागा करायला गेट बारीक करावं लागणार. हे सगळं बुद्धभूषण बोलला होता. बोलला होता हे त्याला नक्की आठवत होतं. फक्त कोणत्या आवाजात ते आठवत नव्हतं. रविराज म्हणाला होता, "बघू ना राव करून. नाही जमलं तर परत आठवर येऊ." त्यात चुकीचं काही नव्हतं. रविराज तसा वाईट माणूस नव्हता, कामगारांच्या घरी लग्नाला जायचा, पंगतीत बसायचा. बुद्धभूषणनं नवं ड्रॉइंग काढलं. चौदा मिलिमीटरचं गेट अकराचं झालं. मग एप्रिलपासून शंभरात चार-पाच बॉड्यांना खांद्याच्या मुळाशी काहीतरी दिसायला लागलं, ग्राइंडिंगची पोरं तिथं वेल्डिंगचा ठिपका भरून घासून टाकायला लागली, आणि परत आठवर यायचं हे कुणाच्याच डोक्यात आलं नाही. त्याच्याही नाही. तो रोज ग्राइंडिंगच्या बाजूनं जायचं टाळून जेवायला मागच्या जिन्यानं उतरायला लागला होता, आणि गंमत म्हणजे त्याला वाटत होतं की तिकडं ऊन कमी लागतं म्हणून आपण तिकडून जातो.

खड्ड्यांच्या जाती त्याला तानुबाईनं शिकवल्या होत्या. एकोणीस वर्षांपूर्वी तो दापोडीहून सायकल मारत इथं ट्रेनी म्हणून आला, तेव्हा त्याला पहिले तीन महिने मेणाच्या खोलीत बसवलं होतं. सारी उमर पिंपरीच्या एका कंपनीत फिटर म्हणून काढलेल्या बापानं त्याच्यासाठी आकाशी रंगाचे दोन शर्ट शिवून आणले होते. मेणाच्या खोलीत थंड हवा असायची आणि मेणाचा एक गोडसर वास, देवळातला नव्हे आणि मेणबत्तीचाही नव्हे, तिसराच. दादासाहेबांनी, म्हणजे रविराजच्या वडिलांनी, पहिल्याच दिवशी त्याचं नाव ऐकून "भूषणच म्हणू आपण" असं ठरवून टाकलं होतं. तेव्हापासून तो कारखान्यात भूषण झाला तो झालाच. फक्त तानुबाई, मेणाच्या खोलीतली मावळातली चाळिशीची बाई, लांबट चेहऱ्याची, कपाळावर गोंदलेली, त्याला पूर्ण नावानं हाक मारायची. बुधभूषन. जोडाक्षर तिच्या जिभेला जमत नसे, पण नाव ती अर्धं करत नसे. तिनं त्याला डोळे मिटायला लावले होते. "नजरंला फसवतंय मेन," ती म्हणाली होती. "चकाकतंय ना. अंगठा फिरव. सावकाश. हां, लागलं?" त्याला काही लागलं नव्हतं. आठ दिवसांनी लागलं. ती त्याचा अंगठा धरून त्या जागेवर नेत असे, आणि तिची बोटं मेणाच्या सवयीनं इतकी मऊ झालेली होती की आपल्या आईची बोटं अशी का नाहीत असा एक विचित्र प्रश्न त्याला तेव्हा पडला होता. मेण साच्यात नीट थंड झालं नाही आणि घाईनं काढलं, तर ते बाहेर आल्यावर आत बसतं. तानुबाईच्या हातचं कधी बसत नसे. ती साचा बंद करून ओठ हलवत काहीतरी पुटपुटायची. तो बरेच दिवस समजत होता की देवाचं नाव घेते. ती वीसपर्यंत मोजत असे.

गुरुवारी चाकणहून तेजस्विनी आली. ती गिऱ्हाईक कंपनीची क्वालिटी इंजिनिअर, पंचवीस-सव्वीस वर्षांची, पाठीवर सॅक, स्वतःची गाडी चालवत आलेली. ती यायच्या अर्धा तास आधी रविराज बुद्धभूषणच्या केबिनमध्ये आला आणि उभ्यानंच बोलला. "गेट बदललं ते आपण त्यांना कळवलेलं नाही, भूषण. त्यांची लेखी परवानगी लागते. आता ते बाहेर आलं तर मार्चपासूनचा सगळा माल परत येणार, आणि पुढचं काम बंद. चाळीस माणसं घरी बसतील. मी तुला काही सांगत नाही. तू समजूतदार आहेस." बुद्धभूषण म्हणाला, "प्रेशर टेस्टला एकही बॉडी गळली नाही." आपण हे का बोललो ते त्याला कळलं नाही. रविराजच्या चेहऱ्यावर लगेच सुटल्यासारखं काहीतरी दिसलं. "तेच ना," तो म्हणाला, आणि त्याच्या खांद्यावर हात ठेवून गेला. तो हात गेल्यावरही बराच वेळ बुद्धभूषणला खांद्यावर जाणवत राहिला. ड्रॉइंगवर सही तुझी आहे, हे रविराज बोलला नव्हता. बोलायची गरजच नव्हती. दोघांनाही ते दिसत होतं, आणि ज्याला त्याला आपापल्या बाजूनं.

तेजस्विनी हुशार होती. तिनं लॅपटॉपवर फोटो उघडला आणि नेमका तोच प्रश्न विचारला. "खड्डा गुळगुळीत आहे की खडबडीत? आमच्याकडे त्या जागेवर थोडं पॉलिश झालंय, त्यामुळे नुसत्या डोळ्यांनी मला सांगता येत नाहीये."

"मेणातला आहे, मॅडम," रविराज म्हणाला. "पॅटर्न लवकर काढला की असं होतं. माणसाची चूक."

तिनं मान हलवली, पण लिहिलं नाही. ती बुद्धभूषणकडे वळली. "सर, तुम्ही एवढी वर्षं बघताय. तुमचं मत काय?"

तिनं त्याला सर म्हटलं होतं, आणि तिची बोटं लॅपटॉपवर थांबलेली होती. खोलीतला पंखा फिरत होता. बुद्धभूषणला वाटलं, आपण आता बोलणार आहोत. गेट, हा शब्द त्याच्या जिभेच्या टोकावर आला होता, त्याला तो चक्क जिभेवर लागत होता, लोखंडी. त्याच क्षणी त्याला चाळीस माणसं दिसली नाहीत, रविराजही दिसला नाही. त्याला नुसतं आपलं ड्रॉइंग दिसलं, उजव्या कोपऱ्यातलं आपलं पूर्ण नाव, आणि ते नाव कुणीतरी मोठ्यानं वाचतंय असं. "असू शकतं," तो म्हणाला.

दोन शब्द. हो म्हटलं नव्हतं, खोटं तर मुळीच नव्हतं. जगात काय असू शकत नाही? तेजस्विनीनं लिहिलं: मूळ कारण, मेणाच्या पॅटर्नमधील दोष. मग तिचा फॉर्म पुढचं मागायला लागला. पॅटर्न कुणी काढला? बॉडीवरच्या नंबरावरून तारीख निघाली, जूनची अठरा. तारखेवरून मशीन निघालं, मशीनवरून शिफ्ट, शिफ्टवरून माणूस. यात कुणीही कुणाचं नाव घेतलं नाही. ते रजिस्टरमध्येच होतं, पानाच्या खालच्या बाजूला, तानुबाईच्या ओबडधोबड सहीत. "यावर काय कारवाई करताय?" तेजस्विनीनं विचारलं. रविराज म्हणाला, "त्या बाईंना त्या कामावरून काढू. म्हणजे, दुसरं काम देऊ." तिनं पहिलंच वाक्य लिहिलं, फॉर्ममध्ये जागा तेवढीच होती.

त्या आठवड्यात बुद्धभूषणला बरं वाटत नव्हतं, पण ताप नव्हता. हात धुताना तो अंगठा पुन्हा पुन्हा साबणावर घासत राहायचा. रश्मीनं, त्याच्या बायकोनं, शुक्रवारी संध्याकाळी त्याला सरळ विचारलं, आणि त्यानं सगळं सांगितलं. सांगताना त्याला वाटलं होतं की ती चिडेल, आणि ती चिडली तर आपल्याला मोकळं वाटेल. ती भाजी निवडत ऐकत राहिली. "मग तू जाऊन सांग ना आता," ती म्हणाली. "कुणाला?" "त्या पोरीला. चाकणच्या." "आणि चाळीस माणसं?" रश्मीनं निवडलेली भाजी बाजूला केली. मग म्हणाली, "तू त्यांचा विचार केला होतास का तेव्हा?" तिच्या आवाजात आरोप नव्हता, ती खरंच विचारत होती. त्याला बाप आठवले. कंपनीतून आल्यावर ते मोरीत बसून अर्धा अर्धा तास हात धुवायचे, आणि कंपनीत आज काय झालं हे त्यांनी आयुष्यात कधी सांगितलं नाही. ते तेलाचे डाग धूत असत एवढंच त्याला लहानपणी वाटायचं. आता विचारायला ते नव्हते.

एक नोव्हेंबरला तानुबाई आली नाही. बावीस वर्षं ती ठेकेदाराच्या हजेरीवर होती, कारखान्याच्या नव्हे. तेव्हा तिला कारखान्यानं काढलं असं म्हणता येत नव्हतं. ठेकेदारानं तिला फोनवर सांगितलं होतं की सध्या येऊ नका, कळवतो. रविराजला बुद्धभूषणनं विचारलं तेव्हा त्याला खरंच वाईट वाटलेलं दिसलं. "अरे, पॅकिंगला लावा म्हणालो होतो मी," तो म्हणाला. "बोलतो मी त्याच्याशी." तो बोललाही असेल. पॅकिंगला जागा नव्हती.

त्या पहिल्या रविवारी बुद्धभूषण एकटा कारखान्यात गेला आणि त्यानं जे मार्चमध्ये करायला हवं होतं ते केलं. रविराजची परवानगी घेतली होती. रविराज एवढंच म्हणाला होता की कर काय करायचं ते, फक्त आत्ता कागदावर काही बदलू नको. त्यानं साच्यातला गेटचा तुकडा स्वतः मशीनवर लावून वाढवला, चौदाच्याही पुढे, पंधरापर्यंत. कोपऱ्यातली तीक्ष्ण धार गोल केली. सोमवारी झाडावर बारांऐवजी आठ बॉड्या लावायला सांगितल्या, दोन बॉड्यांमध्ये तीन बोटं जागा. कवच भट्टीतून निघाल्यावर वरच्या गळ्याभोवती पांढऱ्या सिरॅमिक लोकरीची पट्टी गुंडाळली, म्हणजे तिथलं पोलाद शेवटपर्यंत पातळ राहील आणि खाली जाड जागेला पुरत राहील. ओतायचं तापमान पंचवीस डिग्रीनं उतरवलं. ओतताना तो स्वतः उभा राहिला. पोलादाची पांढरी धार कवचात उतरताना बघून त्याला कित्येक महिन्यांनी आपल्या कामाचं सुख वाटलं, आणि ते सुख वाटतंय याची लाजही वाटली. पण सुख आधी आलं होतं. दुसऱ्या दिवशी कवच फोडल्यावर आठही बॉड्या त्यानं डोळे मिटून अंगठ्यानं तपासल्या. कुठंच काही लागलं नाही. पुढच्या दोनशेंतही लागलं नाही. ग्राइंडिंगच्या पोरांनी वेल्डिंगचा होल्डर गुंडाळून ठेवला. आता, त्यानं मनाशी म्हटलं, आता हे दाखवता येईल. गेट बदललं आणि खड्डा गेला. याहून स्वच्छ पुरावा कोणता?

डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात तेजस्विनीची मेल आली. सहा आठवड्यांत एकही तक्रार नाही, केलेली कारवाई परिणामकारक ठरली आहे, प्रकरण बंद. रविराजनं ती मेल छापून नोटीस बोर्डावर लावली. बोर्डापुढे दोन-तीन माणसं थांबून वाचत होती, आणि त्यांतला एक जण हळू आवाजात म्हणाला, "म्हणजे बाईचाच हात होता राव. वाटलं नव्हतं." बुद्धभूषण त्यांच्या मागंच उभा होता. त्याला एकदम दिसलं की आपण काय करून बसलोय. बाई गेली त्याच आठवड्यात त्यानं गेट वाढवलं होतं. कागदावर एकच बदल होता, बाईचा. जो पुरावा तो सहा आठवडे जमवत होता, तो एकेका चांगल्या बॉडीनिशी तिच्याविरुद्ध जमत गेला होता. त्यानं गेट तसंच बारीक ठेवलं असतं, खड्डे येत राहिले असते, तर निदान ती सुटली असती. आता काम जितकं नीट होईल तितका तिचा दोष पक्का होणार होता.

त्यानं तेजस्विनीला फोन केला. कारखान्यातून नाही, बाहेर रस्त्यावर येऊन, रिक्षा स्टँडच्या कडेला उभं राहून. ते कारण बरोबर नव्हतं, तो म्हणाला. मेणाचा संबंध नव्हता, पोलादाच्या आकसण्याचा होता. "सर, पण आता तर खड्डा येत नाहीये ना?" "नाही येत." "मग..." ती अडखळली. तिला त्याचा अपमान करायचा नव्हता हे आवाजावरून कळत होतं. "सर, ते बंद झालंय. परत उघडायचं तर सिस्टिममध्ये नवीन तक्रार लागते. माल चांगला येत असताना मी तक्रार काय लिहू? आणि तुम्ही तेव्हा तर..." "हो," तो म्हणाला. "तेव्हा मी म्हणालो होतो." गेट आपण न कळवता बदललं होतं, हे त्यानं तरीही सांगितलं नाही. सांगायचं असं ठरवूनच तो बाहेर आला होता, पण तिनं "बाकी सगळं ठीक ना, सर?" असं विचारलं आणि तो "ठीक" म्हणाला, आणि फोन बंद झाल्यावर त्याला कळलं की ते राहून गेलं. शेअर रिक्षावाला त्याला आळंदी का म्हणून विचारत होता. त्यानं मान हलवली, आणि रिक्षात बसला, मग आपल्याला आळंदीला जायचं नाही हे लक्षात येऊन उतरला.

जानेवारीतल्या एका रविवारी दुपारी तो तानुबाईच्या घरी गेला. भोसरी गावठाणाच्या मागं, एका तीन मजली इमारतीत खाली तिची खोली होती. दार उघडंच होतं. ती जमिनीवर पाय पसरून बसली होती, पुढ्यात काळ्या रबरी रिंगांची रास, हातात लहान कात्री; रिंगेच्या कडेला राहिलेली जास्तीची सालं ती कापत होती. घरी आणून करायचं काम होतं ते. तिचे केस दोन महिन्यांत जास्त पांढरे झाले आहेत की आपण इतकी वर्षं पाहिलेच नव्हते, हे त्याला ठरवता येईना.

"या सायेब," ती म्हणाली, आणि उठायला लागली. पूर्वी ती त्याला साहेब म्हणत नसे. "पिंकी, चहा टाक गं. कारखान्याचं सायेब आल्यात."

आतून सुनेनं डोकावून पाहिलं आणि ती आत गेली. बुद्धभूषण जमिनीवरच बसला. काय बोलायचं ते तो वाटेत दहा वेळा जुळवून आला होता, म्हणून त्यानं लगेच बोलून टाकलं. "मावशी, तुमची चूक नव्हती. मेण चांगलं होतं. गेट बारीक होतं, ते मी बारीक केलं होतं. खड्डा पोलादाचा होता. मी भिंगातून बघितलं होतं, पहिल्याच दिवशी."

तानुबाई रिंग कापत ऐकत होती. मग तिनं कात्री खाली ठेवली. "तुमी भलं मानूस हाय," ती म्हणाली. "म्हनून आलाय हितवर. दुसरं कोन आलं न्हाई."

"भलेपणाचं नाही, मावशी. खरं सांगतोय."

"व्हय, व्हय." तिनं त्याच्या गुडघ्यावर हलकेच थोपटलं, रडणाऱ्या पोराला थोपटावं तसं. "मीबी लई इचार केला बगा. पैल्यांदा मलाबी वाटलं, माजं कसं चुकंल. बावीस वरसं. मंग रातंदिस ध्यास लागला, की कुटं चुकलं. आन घावलं. माजी भन वारली ना, तवा माजं ध्यान न्हवतं कामात. हात चालायचं, मन न्हाई. वीस मोजायची मी, तर बारालाच उगडलं आसंल."

बुद्धभूषण पुढे सरकला. इथं तारीख होती. तारखेला कुणी नाही म्हणू शकत नाही. "मावशी, तुमची बहीण गणपतीत गेली. मी आलो होतो ना दहाव्याला. ते पीस जूनचे आहेत. अठरा जून. तेव्हा ती होती."

तानुबाईनं कपाळाला आठ्या घातल्या. ती मनात खरोखर हिशेब करत होती, पाऊस, पेरण्या, बहिणीच्या गावची जत्रा.

"व्हय का?" ती म्हणाली. "मंग आजारी व्हती तवाचं आसंल."

"मावशी, मी गेट मोठं केलं आणि खड्डा गेला. त्यामुळे गेला."

"मी गेल्यावर ना?"

पिंकीनं चहा आणून ठेवला आणि ती दाराशी उभी राहिली. तिच्या चेहऱ्यावर पाहुण्याबद्दलचा आदर होता आणि त्याखाली, सासूच्या चुकीबद्दल तिच्यादेखत आपण बोलायचं नाही, हे ठरवलेलं होतं. म्हणजे चूक तिचीच, हे घरातही ठरून गेलं होतं. बुद्धभूषणनं पुन्हा एकदा प्रयत्न केला. जाड जागा शेवटी कशी गोठते, तिला वरून कसं मिळावं लागतं, ते त्यानं हातांनी दाखवलं, चहाची बशी आडवी करून दाखवलं. तानुबाई मान डोलावत होती. तिनं त्याला अशाच धीरानं कधीकाळी मेण समजावून दिलं होतं, आणि आता ती त्याच धीरानं त्याला बोलू देत होती. रागावली असती तर त्याला काही धरता आलं असतं. तिच्याकडे राग शिल्लक नव्हता. तिला स्वतःची चूक सापडली होती, ती तिनं गेले दोन महिने घासूनपुसून आपलीशी केली होती, आणि ती काढून घेतली तर मग नुसतंच कुणीतरी आपल्याला काढलं एवढं उरत होतं. हे त्याला तिथं बसल्या बसल्या कळलं, आणि कळल्यावर त्याचे हात बशीसकट खाली आले.

"माज्या जागंवर कोन बसवलीया?" तिनं विचारलं.

"दीपमाला म्हणून आहे. नवीन मुलगी. लातूरकडची."

"तिला सांगा तेवडं. साचा बंद केला का मोजायचं. मोठ्यानं मोजलं तरी चालंल, पर वीस. घाई करू नगं म्हनावं. मानूस घाईला आलं का मेन बसतंय." ती थांबली. "सांगताल न्हवं?"

"सांगतो," बुद्धभूषण म्हणाला.

सोमवारी सकाळी तो मेणाच्या खोलीत गेला. दीपमाला त्याला पाहून उभी राहिली; त्यानं तिला बसायला सांगितलं, आणि तानुबाईचा निरोप सांगितला, तानुबाईचं नाव न घेता. पोरगी आज्ञाधारक होती. तिनं साचा बंद केला, मेण भरलं, आणि त्याच्याकडे बघत मोठ्यानं मोजायला लागली, शाळेतल्यासारखं. एक. दोन. तीन. शेजारच्या मशीनवरच्या बायका हात थांबवून बघायला लागल्या. बुद्धभूषणला वाटलं, आपण निघावं. पण तो वीसपर्यंत उभा राहिला. तिनं साचा उघडला आणि पॅटर्न त्याच्या हातात ठेवला, अजून कोमट. त्यानं डोळे मिटून खांद्याच्या मुळाशी अंगठा फिरवला. तिथं काही नव्हतं. तानुबाईच्या हातचे निघायचे, तसाच तो होता.